सात नंबरचं गाणं

मिठाईच्या खोक्याचं झाकण सरिताच्या बादलीत निघालं आणि खोकं राजदीप सरांच्या बादलीत.

घंटागाडीच्या मागच्या फळीवर उभ्या असलेल्या बायनाबाईनं दोन्ही तुकडे हातात घेतले आणि एकावर एक बसवून पाहिले. बरोबर बसले.

"वडशाच्या दुकानातला डब्बा हाय," ती म्हणाली. "पेढे असन."

"सुक्यात टाक न," मिथुन स्टिअरिंगवरूनच खेकसला.

"टाकून राह्यली ना बापा. पाहू त देशीन."

मिथुननं गाडी गिअरमध्ये टाकली. गल्लीचं टोक येईपर्यंत तो आरशात पाहत होता. आरशात सरिता आपल्या दारात उभी होती, सर आपल्या दारात उभे होते, आणि मधे आठ फुटांचा सिमेंटचा रस्ता होता. दोघांच्या बादल्या रिकाम्या झाल्या होत्या, तरी कोणी आत जायला तयार नव्हतं.

मिथुन रामटेके अकरा वर्षं नगरपंचायतीची कचऱ्याची गाडी चालवत होता. आधी ट्रॅक्टर, मग ही छोटी गाडी, हिरवा कप्पा ओल्याचा आणि निळा सुक्याचा. वडशापासून चौदा किलोमीटरवरच्या या तालुक्याच्या गावात चार वॉर्ड आणि एकोणीस गल्ल्या त्याच्याकडे होत्या. एवढ्या वर्षांत तो माणसांना चेहऱ्याआधी बादलीवरून ओळखायला लागला होता. कोणाकडे पाहुणे आले, कोणाचं पोट बिघडलं, कोणी बायकोला चोरून कोंबडी खाल्ली, हे त्याला कोणी सांगावं लागत नसे. सरिताच्या बादलीत रोज एका माणसाची चहापत्ती, एका अंड्याचं टरफल आणि चार शेंगांची सालं असत. एकटीचा कचरा. तो पाहून मिथुनला बरं वाटायचं. आता त्याच बादलीत पेढ्यांचं झाकण आलं होतं, आणि अर्धा किलो पेढे कोणी एकटं खात नाही.

त्या दिवशी उरलेल्या सात गल्ल्यांत त्यानं तीन ठिकाणी माणसं यायच्या आत गाडी पुढे काढली. लोक बादल्या घेऊन मागे धावले. बायनाबाई फळीवरून ओरडत राहिली, "अरे थांब ना, आग लागली का कुठी?"

आग लागलीच होती, पण ती पोटात.

सरिता मेश्राम मागच्या वर्षी जून महिन्यात इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून बदलून आली. तेहतीस वर्षांची, लग्न न झालेली, घरी फक्त आई, तीही अहेरीकडे. या गल्लीत तिनं खोली घेतली. पहिल्याच दिवशी गाडी पुढे गेल्यावर ती ओल्या केसांनी बादली घेऊन धावत आली होती आणि म्हणाली होती, "थांबा ना जी भाऊ!" त्या 'भाऊ'कडे मिथुननं दुर्लक्ष केलं. आपल्याकडे भाऊ सगळ्यांनाच म्हणतात. पण 'थांबा ना जी' त्याच्या कानातून गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या गल्लीत गाडी चालण्याऐवजी रांगू लागली.

गाडीवर वाजवायला ऑफिसनं एक गाणं दिलं होतं. ओला वेगळा करा, सुका वेगळा करा, असं एक बाई चिरक्या आवाजात सांगते. अठरा गल्ल्यांत मिथुन तेच वाजवी. सरिताच्या गल्लीसाठी मात्र त्यानं स्वतःचा पेन ड्राइव्ह आणला. त्यात त्यानं गाणी भरली, पण असं नव्हे की हाती लागलं ते घेतलं. एकदम प्रेमाचं गाणं लावणं त्याला फाजीलपणा वाटे. म्हणून पहिला महिनाभर त्यानं पावसाची, शेताची, नुसती ओळख करून देणारी गाणी लावली. मग जरा पुढची. ती दोन रात्रींची ड्यूटी करून लाल डोळ्यांनी दारात आली की तो आवाज कमी करून हळू चालीचं गाणं लावी. तिनं नवी हिरवी साडी नेसली त्या सकाळी त्यानं हिरव्या रंगावरचं गाणं शोधण्यासाठी गाडी कोपऱ्यावर पाच मिनिटं उभी ठेवली होती. दिवाळीत ती आठ दिवस गावी गेली, तेव्हा तिच्या बंद दारासमोर त्यानं रोज विरहाचं गाणं वाजवलं.

"कुलुपाले गाणं आइकवून राह्यला का रे?" बायनाबाईनं विचारलं होतं.

बायनाबाई पंचावन्नची. तिच्यापासून काही लपत नसे, आणि ती लपलं आहे असं दाखवतही नसे. ती म्हणाली, "तोंड हाय ना तुले? तोंडानं बोल. हे भोंग्याचं बोलणं साऱ्या गल्लीले आइकू येते."

तोंडानं बोलणं मिथुनला जमण्यासारखं नव्हतं. हातमोजे घातलेला, कचऱ्याच्या वासाचा माणूस दारात उभा राहून नर्सबाईंना काय सांगणार? एकोणचाळीस वय झालं होतं. बाप गेला तेव्हा दोन बहिणी लग्नाच्या होत्या, त्यांची लग्नं उरकता उरकता याचं राहून गेलं. पण गळा होता. त्या गळ्याच्या जोरावर विशीत त्यानं दोन हिवाळे झाडीपट्टीच्या नाटकांत गायलं होतं, वडशाच्या एका कंपनीबरोबर गावोगाव. तेव्हा लोक 'वन्स मोर' देत. नंतर बाप गेला आणि ते सुटलं.

म्हणून दिवाळीनंतर तो एका दुपारी वडशाला गेला. नाटकांचा मोसम सुरू झाला की तिथं दिवसा वाजवणारे लोक मोकळे असतात. जुन्या ओळखीच्या पेटीवाल्याला त्यानं गाठलं, एका छोट्या स्टुडिओत बसला आणि स्वतः जुळवलेलं गाणं स्वतःच गायला.

बोडीच्या पाळीवर उभा मी, सांग तू येशील का,
घागर राहू दे रिकामी, मन भरून नेशील का.

बोडी म्हणजे आमच्याकडचा छोटा तलाव. गाण्यात फार काही नव्हतं. पण पेटीवाला म्हणाला, "लेका, तू गाणं सोडाले नव्हतं पाह्यजे." पेन ड्राइव्हमध्ये ते सातव्या नंबरला गेलं. तेव्हापासून सरिताच्या गल्लीत रोज तेच.

मिथुनचा बेत अगदी साधा होता. सरिता एक दिवस विचारील, हा आवाज कोणाचा हाय जी? मग तो सांगील, माहा. एवढंच. त्यापुढचं तिनं ठरवावं. या एका प्रश्नासाठी तो तीन महिने थांबला होता. तो थांबला याला कारणही होतं. कोपऱ्यावर गाणं सुरू झालं की अर्ध्या मिनिटात तिचं दार उघडे, केस नीट बांधलेले, कधी चेहऱ्याला पावडरही लावलेली असे. गाडी पार शेवटच्या घरापर्यंत जाईतो ती दारात उभी राही. गाणं आवडल्याशिवाय का कोणी कचरा टाकल्यावर तीन मिनिटं चाळीस सेकंद उभं राहतं?

खोकं निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मिथुननं आरसा नीट फिरवून घेतला. गाणं लागलं. सरिताचं दार उघडलं, त्याच क्षणी समोरचं राजदीप सरांचं. जणू एकाच कडीला दोन दारं. सर म्हणाले, "काल उशीर झाला का?" ती म्हणाली, "डिलिव्हरीची केस होती न." ते काहीतरी बोलले, ती हसली. गाणं चालू होतं तोवर दोघं उभी राहिली. गाणं संपलं तशी दोन्ही दारं लागली.

मिथुनच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. तिचं घर सर्वांच्या नजरेत, सरांचंही सर्वांच्या नजरेत. एकटी नर्स आणि एकटा मास्तर रस्त्यात बोलत उभे राहिले तर गल्ली दुपारपर्यंत लग्नच लावून मोकळी. पण कचऱ्याच्या गाडीसाठी दारात उभं राहायला कोण नावं ठेवणार? त्यांना रोज तीन मिनिटं चाळीस सेकंद मिळत होती, आणि ती मिथुन देत होता, स्वतःच्या गळ्यानं.

"आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते," बायनाबाई म्हणाली.

"चूप बस."

"म्या त तुलेच म्हटलं, आंधळं."

मग सुरू झाला जळफळाट. राजदीप सर हायस्कुलात गणित शिकवत. त्यांच्याबद्दल वाईट म्हणावं तर काही सापडत नव्हतं, आणि मिथुनचा खरा राग त्याच गोष्टीवर होता. सर ओला-सुका वेगळा करून आणत. दुधाच्या पिशव्या धुऊन, घडी घालून टाकत. कचरासुद्धा इस्त्री केलेला. वर रोज म्हणत, "नमस्कार मिथुनजी." या 'जी'नं तर मिथुनच्या अंगाचा तिळपापड होई. माणसानं इतकं चांगलं असू नये की दुसऱ्याला शिवी द्यायलाही जागा राहणार नाही.

एक दिवस त्यानं गाडी बरोबर दोन दारांच्या मधे उभी केली, भिंतीसारखी. दोघं गाडीच्या मागे येऊन बोलली. एक दिवस सात नंबर लावलंच नाही, ऑफिसचं गाणं लावून गल्ली झपाट्यानं पार केली. तेव्हा सरिता आणि सर दोघं बादल्या घेऊन कोपऱ्यापर्यंत गाडीमागे चालत आले आणि रमतगमत परत गेले. त्यांना उलट आठ मिनिटं मिळाली. आरशात त्या दोन पाठमोऱ्या आकृत्या पाहून मिथुनला रडू यायचं तेवढं राहिलं. दुसऱ्या दिवशी त्यानं मुकाट्यानं सात नंबर लावलं. स्वतःच्याच आवाजाचा माणसाला हेवा वाटू शकतो, हे त्याला पहिल्यांदा कळलं. तो आवाज तिथं रोज त्या दोघांच्या मधे उभा होता आणि हा बाहेर काचेआड.

फेब्रुवारीच्या शेवटी सरांच्या बादलीत गजऱ्याचा दोरा निघाला. सुकलेली चार फुलं अजून त्याला होती. एकट्या मास्तराच्या घरी गजरा. बायनाबाईनं तो घाईनं ओल्यात दाबला, पण मिथुननं पाहिलं होतं.

दुसऱ्या सकाळी त्यानं आठ नंबर लावलं. एका जुन्या नाटकातलं टोमण्याचं गाणं त्यानं खास शोधून भरलं होतं. 'दोन उंबरठे पुजणारीले, घर कोनतं मनाचं?' पेटी, ढोलक आणि मधे खवचट हसणं. आवाज त्यानं पूर्ण सोडला. गल्लीच्या तोंडापासून शेवटापर्यंत सरितानं ऐकावं म्हणून.

सरिता आली आणि गाण्याकडे लक्ष न देता सरांशी बोलत राहिली. ते गाणं आपल्यासाठी असेल असं तिला वाटायचं कारणच नव्हतं. तिनं कुठं दोन उंबरठे पुजले होते? मिथुनचा उंबरठा आहे हेच तिला माहीत नव्हतं.

पण चौथ्या घरातली कलाबाई गाडीच्या आडवी येऊन उभी राहिली.

कलाबाई साठीची, मुरमुरे भाजून विकणारी. तरुणपणी मारकुट्या नवऱ्याला सोडून ती दुसऱ्या माणसाच्या घरी आली होती. त्या माणसाबरोबर तीस वर्षं राहिली, मागच्या वर्षी तो वारला. ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना माहीत होती आणि आता कोणी काढत नव्हतं. तिनं भरलेली बादली गाडीसमोर खाली ठेवली.

"माह्यावर गाणं लावतं का रे?"

मिथुननं गाणं बंद केलं. "नाई मावशी, तुमच्यावर नाई..."

"मंग कोणावर? या गल्लीत दोन उंबरठे पाहिलेली दुसरी कोण हाय, सांग." ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तीस साल मले कोणी तोंडावर बोललं नाई. तू भोंगा लावून बोलला. काऊन रे? म्या तुह्यं का केलं?"

आजूबाजूची दारं उघडी होती. सरिता पाहत होती. सर पाहत होते. खरं सांगितलं तर सगळंच सांगावं लागलं असतं, कोणासाठी लावलं, का लावलं. मिथुन खाली मान घालून स्टिअरिंगवरचा रबर नखानं कुरतडत राहिला. कलाबाई बादली तशीच भरलेली घेऊन परत गेली.

त्या दिवसापासून तिनं गाडीत कचरा टाकला नाही. ती नालीवर नेऊन टाकू लागली. आठवड्यानं मुकादमानं मिथुनला बोलावून झापलं, "तुह्या गल्लीत नालीवर कचरा काऊन पडून राहते?" मिथुन म्हणाला, "मी पाहतो." तो रोज गाडी थांबवून नालीवरचा तो ढीग स्वतः हातानं उचलू लागला. त्यात कांद्याची सालं आणि करपलेले मुरमुरे असत. माफी मागायला तो दोनदा तिच्या दारापर्यंत गेला आणि दोनदा परत आला.

आठ नंबर त्यानं काढून टाकलं. सात नंबर पुन्हा सुरू झालं, कारण काही न वाजवता त्या गल्लीत शिरण्याची त्याच्यात हिंमत नव्हती. अजून त्याला एक आशा होती, वेडी असली तरी. तो प्रश्न तिनं अजून विचारला नव्हता.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिनं तो विचारला.

गाडी थांबली तेव्हा सरिता आणि राजदीप सर एकाच दारातून बाहेर आले. एकच बादली होती आणि तिची कडी दोघांनी धरली होती. सरिताच्या दुसऱ्या हातात निळ्या काठाची पत्रिका होती.

"भाऊ, रविवारी लग्न हाय आमचं. विहारात लागन, अन् जेवण इथीच गल्लीत. तुम्ही अन् बायनाबाई यालेच पाह्यजे."

बायनाबाईनं पत्रिका घेतली. मिथुननं हातमोजे काढले, मग काय करावं न कळून परत घातले.

"अजून एक काम होतं जी," सरिता म्हणाली. ती लाजली. "ते बोडीवालं गाणं. तुमच्या गाडीवरचं. मोबाइलवर किती शोधलं, भेटतच नाई. आमची ओळख त त्याच गाण्यावर झाली. मांडवात ते वाजलं पाह्यजे असं आमचं दोघांचंही म्हणणं हाय. कोणाचा आवाज हाय जी हा?"

इतके महिने ज्या प्रश्नाची त्यानं वाट पाहिली तो प्रश्न असा, सकाळी पावणेआठला, पत्रिकेसोबत आला. मिथुननं तिच्याकडे सरळ पाहिलं. तिचा चेहरा इतका मोकळा होता की आत्ता त्यानं 'माहा' म्हटलं असतं तर तिनं टाळ्या वाजवल्या असत्या. अय्या, खरंच भाऊ? असं म्हणाली असती. आणि मग गाण्याचे शब्द आठवून एका क्षणी गप्प झाली असती. ते गप्प होणं त्याला पाहायचं नव्हतं. सरांसमोर तर मुळीच नाही.

बायनाबाईनं तोंड उघडलं. मिथुननं हॉर्न दाबला.

"हाय एक वडशाचा," तो म्हणाला. "नाटकात गाये. आता नाई गात."

"फार सच्चा आवाज आहे," सर म्हणाले. "कधी भेटले तर सांगा त्यांना."

मिथुननं पेन ड्राइव्ह ओढून काढला आणि खिडकीतून सरिताच्या हातात ठेवला. "सात नंबरले हाय."

"तुम्हाले नाई लागणार का?"

"मले ऑफिसचं हाय ना."

कोपऱ्यावरून वळल्यावर बायनाबाईनं पत्रिका घडी करून कमरेला खोचली. मग म्हणाली, "एका शब्दाचं काम होतं."

"तिचं काम झालं ना?" मिथुन म्हणाला. "मंग?"

रविवारी गाडी नसते. मिथुन इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सकाळी सातलाच गल्लीत आला. न बोलावता काम करणं त्याला बोलण्यापेक्षा सोपं जाई. मांडवाच्या मागे त्यानं दोन ड्रम आणून ठेवले, एक ओल्याचा, एक सुक्याचा, आणि पाण्याच्या नळाला पाइप जोडला. बायनाबाई भाजी चिरायला बसली. साऊंडवाल्यानं दोन मोठे बॉक्स उभे केले, तारा जोडल्या, आणि आवाज तपासायला सरितानं दिलेला पेन ड्राइव्ह लावला.

पेटी वाजली. मग मिथुनचा आवाज आला. गाडीच्या भोंग्यातून तो नेहमी चेपलेला येई. आज अख्खा आला, श्वासासकट. बोडीच्या पाळीवर उभा मी.

आणि गल्लीतली दारं उघडू लागली. पहिल्या घरातली सून बादली घेऊन बाहेर आली. तिसऱ्या घरातले म्हातारे बाबा पिशवी घेऊन आले. पलीकडून एक, अलीकडून दोन. सगळे बादल्या हातात धरून गल्लीच्या तोंडाकडे पाहू लागले, गाडी कुठं आहे म्हणून. मग एकमेकांच्या लक्षात आलं आणि हशा पिकला. सरिताही पांढऱ्या साडीत, हळद लागलेल्या हातांनी, सवयीनं दारात आली होती. तिनं समोरच्या दाराकडे पाहिलं. सर तिथं उभे होतेच.

चौथ्या घरातून कलाबाई आली. दीड महिना ती या गाण्यावर बाहेर आली नव्हती. आज कसं कोण जाणे, लग्नघराच्या गडबडीत पाय आपोआप निघाले असावेत. भरलेली बादली घेऊन ती मांडवाच्या कडेला थांबली.

"गाडी कुठी हाय?" तिनं कोणाला तरी विचारलं. मग तिला मिथुन दिसला. तिचा चेहरा घट्ट झाला आणि ती वळली.

"मावशी." मिथुन पुढे झाला. "त्या दिवशीचं गाणं तुमच्यावर नव्हतं. पण लावलं म्याच. माहं चुकलं."

कलाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. पांढऱ्या शर्टाकडे, मग बॉक्सकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. तिचे कान अजून तिखट होते. गाण्यातला आवाज आणि समोरचा आवाज यांची तिनं मनातल्या मनात जुळणी केली असावी, कारण तिची मान हळूच नवरीच्या दाराकडे वळली आणि परत आली. मग तिनं बादली पुढे केली.

मिथुननं ती घेतली. मांडवामागे जाऊन कांद्याची सालं ओल्यात टाकली, प्लास्टिकच्या दोन पिशव्या झटकून सुक्यात टाकल्या. बॉक्सवर दुसरं कडवं चालू होतं. त्यानं बादली नळाखाली धरून विसळली, पाणी निथळू दिलं, आणि गाणं संपायच्या आत कलाबाईच्या हातात परत दिली.